पेढी, लेखणी आणि नवी वाट : करवीर परिसरातील जैन समाजाच्या उपजीविकेचा मागोवा

भोगभूमीचा काळ सरला, कल्पवृक्षांनी देणे थांबविले आणि उपजीविकेच्या चिंतेने व्याकुळ झालेली प्रजा भगवान ऋषभदेवांना शरण आली. तेव्हा भगवंतांनी तिला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे वर्णन आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आहे. दीक्षा, तप आणि केवलज्ञान हा पुढचा भाग होय. त्यापूर्वी आदिनाथांनी प्रजेच्या पोटाची व्यवस्था लावली. श्रावकाची उपजीविका हा धर्मबाह्य विषय नव्हे, हे यावरून सहज ध्यानात यावे.

या सहा कर्मांत वाणिज्य हे केवळ एक आहे. तरीही 'जैन म्हणजे व्यापारी' हे समीकरण समाजाबाहेर रूढ झाले आणि हळूहळू समाजानेही ते स्वीकारले. पेढी सोडून नोकरीला लागलेला मुलगा म्हणजे परंपरेतून निसटलेला मुलगा, अशी समजूत शाहूपुरीच्या गल्ल्यांतून अनेक वर्षे नांदली. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी करवीर परिसराच्या इतिहासाची पाने चाळणे उद्बोधक ठरेल.

नांगर आणि तराजू

दक्षिणेतील जैनांच्या हाती एके काळी तलवारही होती. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींची भव्य मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. कोल्हापुरात शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने बाराव्या शतकात जिनमंदिर उभारले. त्या काळच्या कोल्हापूरच्या शिलालेखात व्यापारी संघाने जिनमंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे. सामंत आणि व्यापारी, म्हणजेच असि आणि वाणिज्य, ही दोन्ही कर्मे एकाच दगडावर शेजारी शेजारी कोरलेली आढळतात.

राजवटी बदलल्या, तलवारी म्यान झाल्या. कोल्हापूर संस्थानातील बहुसंख्य जैन हे मात्र शेतकरीच राहिले. शिरोळ, हातकणंगले, कागल या भागांतील गावोगावची जैन घराणी आजही 'पाटील', 'चौगुले', 'मगदूम' अशी आडनावे मिरवितात. ही आडनावे तराजूची नसून नांगराची व गावकीची आहेत. चतुर्थ जैन प्रामुख्याने शेतीत होते, पंचम जैनांत शेती व व्यापार दोन्ही होते, कासार जैन तांबे, पितळ व बांगड्यांच्या व्यवसायात होते, तर सैतवाळांचा कापडाशी व शिवणकामाशी संबंध होता. हुपरीच्या चांदीकामात व इचलकरंजीच्या मागांवरही जैन हात राबले. एकूणच, एकाच पिढीजात धंद्याला बांधलेला समाज असे चित्र इतिहासात कोठेही दिसत नाही.

पेठेची उभारणी

१८९१ साली मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि १८९५ साली शाहूपुरीची व्यापारी पेठ वसविली. रेल्वे स्थानकाजवळची जागा, व्यापाऱ्यांना मिळालेले उत्तेजन आणि पंचगंगा खोऱ्यातील ऊस, या तिन्हींचा योग जुळून आला. गुळाची बाजारपेठ म्हणून कोल्हापूरचे नाव सर्वदूर पोहोचले. पुढे राधानगरी धरणाने उसाचे क्षेत्र आणखी वाढविले.

या बाजारपेठेने किती प्रकारच्या हातांना काम दिले याचा विचार करण्यासारखा आहे. गुऱ्हाळावरचा गुळवी, बैलगाडीवान, रवे उतरविणारा हमाल, तोलाई करणारा, अडत्या, दलाल, खरेदीदाराचा माणूस, रोजमेळ व खतावणी लिहिणारा दिवाणजी आणि वखारीचा राखणदार, अशी ती साखळी होती. तीस किलोचा एक गुळाचा रवा गुऱ्हाळातून निघून रेल्वेच्या वाघिणीत चढेपर्यंत अनेक घरांच्या चुली पेटवीत असे. शेतातील जैन आणि पेठेतील जैन यांची गाठ याच रव्याने घातली.

या व्यापारात धर्मसंकटही होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत 'यंत्रपीलन', म्हणजे ऊस, तीळ इत्यादी यंत्राने पिळण्याचा धंदा, याचा समावेश आहे. तेथेच विषवाणिज्य व दंतवाणिज्यही वर्ज्य सांगितले आहे. उसाच्या मुलखात राहणाऱ्या श्रावकाला या नियमाशी आपापल्या परीने मेळ घालावा लागला. कोणी मर्यादा घालून घेतल्या, कोणी दानाने भार हलका केला, तर कोणी कापड, भांडी, सराफी अशा धंद्यांकडे वळले. कोणता धंदा करावा याइतकाच कोणता करू नये हा प्रश्नही घराघरांत विचारला जाई, ही गोष्ट विसरता कामा नये.

पेठेच्या भरभराटीबरोबर कच्छ, सौराष्ट्र, गुजरात आणि राजस्थानातूनही जैन कुटुंबे येथे आली. त्यांच्या आगमनाची रीत बहुधा ठरलेली असे. गावाकडचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नातेवाइकाच्या पेढीवर येई. राहणे व जेवणे पेढीवरच, पगार नाममात्र. तो दुकान झाडी, गठ्ठे सोडी, ठाणे रचून ठेवी, उधारी वसूल करी आणि रात्री दिव्याखाली हिशेब शिकत असे. काही वर्षांनी तो गुमास्ता होई, मग भागीदार आणि दैवाने साथ दिली तर स्वतःच्या दुकानाचा मालक. आज ज्या पेढ्यांच्या पाटीवर 'ॲण्ड सन्स' अशी अक्षरे आहेत, त्यांतील बहुतेकांचा मूळ पुरुष कधीकाळी दुसऱ्याच्या पेढीवर नोकर होता. नोकरीला कमी लेखताना याचे विस्मरण होते.

मसि : लेखणीची नोकरी

लेखणीची कर्मभूमी मात्र प्रदीर्घ काळ समाजाला बंद होती. १८९४ साली कोल्हापूर दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा ब्राह्मण वर्गाकडे होत्या. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा ऐतिहासिक हुकूम काढला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आदी पुढारलेले वर्ग वगळता इतर सर्व जाती त्यात अंतर्भूत होत्या. संस्थानातील जैनही त्या मागासलेल्यांतच मोडत होते. आजच्या पिढीला याचे आश्चर्य वाटेल.

परंतु जागा राखीव झाल्या तरी त्या भरण्यास शिकलेली मुले हवी होती. १८९९ साली स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने ही निकड ओळखली. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने विसाव्या शतकाच्या आरंभीच कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्याची व जेवण्याची सोय झाली आणि विद्येचा मार्ग खुला झाला.

या काळाचे ठळक उदाहरण म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे. १८७८ साली जन्मलेल्या लठ्ठे यांनी राजाराम कॉलेजात अध्यापन केले, शिक्षणखात्यात काम केले, वकिली केली, कोल्हापूर संस्थानचे दिवाणपद भूषविले आणि १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. १९२४ साली त्यांनी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केले. दुसरे उदाहरण डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे. सदलगा येथे १९०६ साली जन्मलेले उपाध्ये १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवीत राहिले. प्राकृत ग्रंथांच्या संपादनाने त्यांनी कोल्हापूरचे नाव जगभरच्या विद्वानांत पोहोचविले. जैन आगमांच्या अभ्यासाची ही सेवा एका पगारदार प्राध्यापकाच्या हातून घडली, पेढीच्या मालकाच्या नव्हे.

दोन मुलखावेगळ्या वाटा

याच बोर्डिंगात कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रांत नमूद आहे. त्याचे शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. पुढे त्याने साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले काच कारखान्याचा माल विकला आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपविण्यासाठी खेडोपाडी पायपीट केली. नांगर विकताना शेतकऱ्याचे अज्ञान त्याने जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्याने रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. हेच कर्मवीर भाऊराव पाटील. विक्रेत्याची नोकरी ही त्यांच्यासाठी वाया गेलेली वर्षे नव्हती. त्यांचे जीवितकार्य त्यांना तिथेच सापडले.

१९०१ साली कोल्हापुरात जैन पित्याच्या घरी जन्मलेल्या शांताराम वणकुद्रे यांनी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले, गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली आणि नंतर बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत चित्रपटकला आत्मसात केली. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन करणाऱ्यांत ते अग्रणी होते. व्ही. शांताराम हे नाव पुढे साऱ्या देशाला परिचित झाले. रेल्वेच्या कारखान्यात घाम गाळणारा तो मुलगा उद्या काय होईल, हे त्या वेळी कोणी वर्तविले असते?

ज्यांची खतावणीत नोंद नाही

या साऱ्या वृत्तान्तात स्त्रियांचे नाव क्वचितच येते. पेढीवरच्या पाच-सहा गुमास्त्यांचा स्वयंपाक रांधणारी, शेतावर राबणारी, पतीच्या पश्चात उधारीच्या वह्या मिटवून मुले वाढविणारी श्राविका कोणत्याच खतावणीत दिसत नाही. सोलापूरच्या श्राविकाश्रमाने व पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी विधवा आणि निराधार भगिनींना शिक्षिका होण्याची वाट दाखविली, तेव्हा प्रथमच अनेक जैन स्त्रियांच्या हाती स्वतःच्या कष्टाचा पगार आला. आज याच समाजातील मुली डॉक्टर, सनदी लेखापाल व अभियंता होत आहेत. मुलीच्या शिक्षणाकडे केवळ विवाहाची पात्रता म्हणून पाहणारी घरे मात्र अद्यापि सर्वस्वी संपलेली नाहीत.

उलटलेला काटा

पन्नास वर्षांपूर्वी, हा ट्रस्ट स्थापन झाला त्या काळी, शाहूपुरीतील मुलाचे भवितव्य बहुधा ठरलेले असे. शालान्त परीक्षा झाली की गादीवर बसावयाचे. फार तर वाणिज्य शाखेची पदवी घ्यावयाची आणि तीही हिशेब व विक्रीकरापुरती उपयोगी पडावी म्हणून. वधूपित्याचा पहिला प्रश्न असे, 'दुकान स्वतःचे आहे ना?' नोकरदार स्थळाला दुय्यम मान मिळे.

आज काटा उलट दिशेला झुकला आहे. गुळाचा बाजार शाहूपुरीतून मार्केट यार्डात गेला. कापडाच्या ठाण्यांची जागा तयार कपड्यांनी घेतली. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा वस्तू व सेवा कर, २०१९ व २०२१ चे महापूर आणि २०२० ची टाळेबंदी यांनी लहान दुकानदाराची दमछाक केली. घरबसल्या खरेदीने उरलीसुरली गिऱ्हाइकी ओढून नेली. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आणि त्यानंतरच्या काळात निघालेली अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून शिकलेली मुले पुणे, बंगळूर आणि परदेशी गेली. आता वधूपित्याचा प्रश्न असतो, 'मुलगा पुण्यात नोकरीला आहे ना?' दुकान सांभाळणाऱ्या व शेती करणाऱ्या उमद्या तरुणांचे विवाह रखडत आहेत, हे समाजातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असलेले, परंतु सभेत न बोलले जाणारे दुःख आहे.

संध्याकाळी दुकानाचे दार ओढून घेणाऱ्या वडिलांना वाटते, आपल्यामागे हे दार कोण उघडणार? दूर गेलेल्या मुलाला वाटते, आपण घराण्याशी प्रतारणा तर केली नाही? इतिहास दोघांनाही धीर देतो. पणजोबांनी नांगर सोडून तराजू धरला किंवा मारवाड सोडून शाहूपुरी गाठली, तेव्हा त्यांनीही वडिलांची वाट सोडलीच होती. धंदा बदलणे ही समाजाची परंपराच आहे. सचोटी, हिशेबातील चोखपणा, अहिंसा आणि परिग्रहाची मर्यादा सुटली, तरच परंपरा सुटली असे म्हणावे लागेल.

सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर

या मागोव्यातून एक बोध स्पष्ट होतो. समाजाने उपजीविकेची वाट बदलली, तेव्हा एकटा मुलगा क्वचितच स्वबळावर पुढे गेला. कोणाला नातेवाइकाच्या पेढीने निवारा दिला, कोणाला बोर्डिंगने दोन वेळचे जेवण दिले, कोणाला संस्थानच्या हुकुमाने दार उघडून दिले. आज ती जबाबदारी समाजाच्या ट्रस्टांवर आली आहे.

२०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यायोगे खुल्या झालेल्या शिष्यवृत्त्या व योजना गरजू घरांपर्यंत पोहोचविणे, पुण्यासारख्या शहरांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या निवासाची सोय पाहणे, सनदी लेखापाल व स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालविणे, आणि पेढीवरच राहू इच्छिणाऱ्या तरुणास नव्या पद्धतीच्या व्यापाराचे शिक्षण देणे, ही कामे मंदिराच्या जीर्णोद्धाराइतकीच पुण्याची आहेत. स्वतःच्या पेढीच्या सुबत्तेने सुखी असलेल्यांनी हमाली करून मुले शिकविणाऱ्या साधर्मिक बांधवाकडेही पाहावे. समाज म्हणजे केवळ श्रीमंतांची यादी नव्हे.

भगवान ऋषभदेवांनी सहा कर्मे सांगितली, त्यांत थोर व हलके असा भेद केल्याचे समाजाने मानू नये. पुढील पन्नास वर्षांत शाहूपुरीच्या गल्ल्यांतून कोण शेतकरी होईल, कोण अभियंता, कोण शिक्षिका आणि कोण पुन्हा गादीवर बसेल, हे आज सांगता येणार नाही. त्यांपैकी एकाचीही पाऊलवाट केवळ आधाराअभावी अडू नये, एवढा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात झाला, तर शताब्दीच्या स्मरणिकेत लिहिण्यासारखे पुष्कळ असेल.

जय जिनेंद्र.