तांडेलाची शिदोरी

पणजोबा गलबतावर तांडेल होते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मालवणातून मुंबईकडे शिडं सुटत. पोरवयात त्यांच्यासोबत गेलेले आजोबा वादळांपेक्षा जेवणाच्याच गोष्टी जास्त सांगत. शिधा पणजोबा स्वतः पारखून भरत: उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, सोलं, खारातली लिंबं आणि गोड्या पाण्याचं पिंप. सकाळी पेज, दुपारी गळाला लागलेल्या मासळीचं तिखलं. “पोट बिघडलां तर शीड कोण वडतलो?” हा त्यांचा सवाल. देवगड, जयगड, दाभोळ, जिथे नांगर पडे तिथे आधी ताजं पाणी, मग भाजीपाला.

या शिस्तीचं मोल मला पुढे इतिहास वाचताना कळलं. ऑक्टोबर 1498 मध्ये वास्को द गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारा पडला, आफ्रिकेचा किनारा गाठायला तीन महिने लागले. हिरड्या सुजून तीसेक खलाशी मेले. तो स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. मालिंदीला पोचताच त्याने आजाऱ्यांसाठी संत्री मागवली. 1747 मध्ये ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टर जेम्स लिंडने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय केले, तेव्हा संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. खारातल्या लिंबात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही. पणजोबांच्या माणसांना तारलं ते बंदरोबंदरीच्या ताज्या भाजीने.

तांदळाचंही तसंच. 1882 मध्ये निघालेल्या ‘र्‍यूजो’ या जपानी नौदलाच्या जहाजावर 376 पैकी 169 जणांना बेरीबेरी हा ब जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झाला, 25 दगावले. मुख्य अन्न सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात. 1884 मध्ये डॉ. ताकाकी कानेहिरो यांनी त्याच मार्गाने दुसरं जहाज पाठवायला लावलं. त्यावर भात कमी करून मांस, दूध, पाव दिला, आणि बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. आपल्या उकड्या तांदळात ही काळजी आधीच घेतलेली असते. भात उकडताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं.

आज ट्रॉलरवर बर्फ आहे, गॅस आहे, तरी कितीतरी पोरं बिस्किटं आणि पाकिटातल्या नूडल्सवर दिवस काढतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: निघण्याआधी पाण्याची टाकी घासा, ताजी लिंबं घ्या, मुगाला-मटकीला होडीवरच मोड आणा आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज प्या.