पेशींची पकड आणि कर्करोग

भिंतीतील विटा सिमेंटने जोडलेल्या असतात. मग आपल्या शरीरातील पेशींना एकमेकींशी कोण जोडून ठेवते? पेशींचा पाठ शिकवताना हा प्रश्न बहुधा राहून जातो. कर्करोगावरील उपचारांची एक वाट याच प्रश्नातून निघाली, म्हणून तिचा इतिहास आपण पाहू.

१९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज तलम रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या; पण समुद्राच्या पाण्यात त्या पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांचे नवे स्पंज बनले! १९४४ मध्ये डी. आर. कोमन यांनी अतिसूक्ष्म सुयांनी चिकटलेल्या पेशी ओढून पाहिल्या. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा सहज सुटत होत्या. रोग शरीरभर कसा पसरतो, याचा एक धागा हाती आला.

१९७७ मध्ये जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी दाखवले, की पेशींची एक पकड कॅल्शियम असेल तरच टिकते. ही पकड ज्या प्रथिनांची, त्यांना पुढे कॅढेरिन हे नाव मिळाले. पेशींना भोवतालच्या तंतूंशी बांधणाऱ्या प्रथिनांचे इंटेग्रिन हे नाव १९८६ मधले.

गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांच्या पेशींनाही इंटेग्रिन लागतात. ते अडवले तर गाठीची उपासमार होईल, असा हिशेब करून सिलेंजिटाइड हे औषध तयार झाले. मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा झालेल्या ५४५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारांबरोबर हे औषध मिळालेले आणि न मिळालेले, दोन्ही गटांच्या जगण्याचा मध्यक २६.३ महिनेच होता. हिशेब चुकला.

मग ही वाट बंद झाली का? नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर नेक्टिन-४ हे जोडणारे प्रथिन पुष्कळ असते. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध ती पकड तोडण्यासाठी बनवलेले नाही. ते नेक्टिनला पत्ता मानते, तेथे चिकटते आणि सोबतचे विष पेशीत पोचवते. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८८६ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने त्याने जगण्याचा मध्यक १६.१ वरून ३१.५ महिन्यांवर नेला. मात्र नेक्टिन-४ त्वचेतही असते, त्यामुळे अंगावर पुरळ उठते. कधी तो गंभीरही होतो.

पकड तोडू पाहणारे औषध हरले, पकडीचा पत्ता वापरणारे जिंकले. विद्यार्थ्यांना ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवूनच सांगावीत, असे आम्हाला वाटते.