धूळपाटी व बालमंदिर : एका साम्याचा विचार

अंबरनाथच्या शिवालयांत शिलाहार माम्वाणिराजाच्या वेळचा जो शिलालेख आहे, त्यांतील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला, पुढें तो ९८२ (इ. स. १०६०) असल्याचें ठरलें. एका अंकाच्या वाचनानें २०० वर्षांचें अंतर पडलें. दगडावरील अक्षरांविषयीं ही दक्षता संशोधक बाळगतात. परंतु ज्या धुळीवर लिहिणाऱ्याचा हात प्रथम वळत असे, तिच्याविषयीं मात्र वाटेल तें विधान खपून जातें. माँटेसरीबाईंची पद्धति म्हणजे आमची जुनी धूळपाटीच, हें विधान त्यांपैकींच होय. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ३ ते ८ वर्षें हा पायाभूत टप्पा ठरवून खेळांतून व हातांनीं शिकण्यावर भर दिला आहे. त्यामुळें या समजुतीस नवें बळ येण्याचा संभव आहे. म्हणून तिची छाननी येथें योजिली आहे.

प्रथम धूळपाटीचा पुरावा पाहूं. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, तोंडानें तें उच्चारावयाचें आणि पुसून पुन्हा काढावयाचें, असा क्रम होता. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनापासून निघालेला ‘ओनामा’ शब्द आरंभ या अर्थीं अद्याप रूढ आहे. अंकगणितास संस्कृतांत ‘पाटीगणित’ व ‘धूलिकर्म’ अशीं नांवें आहेत. आपल्याकडे त्याच्या जोडीस पावकी, निमकी, दिडकी, औटकी यांचें पाठांतर असे.

परकीयांची साक्षहि आहे. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानें इ. स. १६२३ मध्यें, इक्केरीच्या प्रवासांत, मुलें सुरांत धडा म्हणत जमिनीवरील बारीक वाळूंत बोटानें लिहितांना पाहिलीं. मद्रास येथील अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील हीच रीत पाहून ती आपल्या शाळेंत आणिली, आणि इ. स. १७९७ मध्यें लंडन येथें त्या प्रयोगाचा वृत्तांत छापिला. म्हणजे युरोपावरील आपल्या ऋणाचा एक लेखी पुरावा खरोखरच उपलब्ध आहे. परंतु तें ऋण बेल यांचें होय, माँटेसरींचें नव्हे.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेन्झो वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. मूकबधिर व मंदबुद्धि मुलांसाठीं इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांनीं केलेले प्रयोग हा आपला आधार, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. साधनांतील भेदहि मूलगामी आहे. धुळींत मूल अक्षर निर्माण करतें. खरखरीत कागदाच्या अक्षरावर तें तयार वाट बोटानें गिरवितें. धूळपाटीवरील चूक पंतोजी दाखवीत. लांकडी दट्टे आपापल्या भोंकांत बसवितांना एक चुकला कीं शेवटचा नीट बसत नाहीं, म्हणजे चूक साधनच दाखवितें. तेव्हां साम्य बोटाच्या स्पर्शापुरतें आहे; मुलाच्या स्वातंत्र्याचा विचार निराळा आहे.

या विचाराचा आपल्याकडील खरा इतिहास तर याहून अभिमानास्पद आहे. गिजुभाई बधेका यांनीं इ. स. १९२० मध्यें भावनगरास बालमंदिर स्थापिलें. ताराबाई मोडक इ. स. १९२३ मध्यें तेथें गेल्या, आणि इ. स. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ निघाला. इ. स. १९४५ मध्यें ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हीं दोन्ही गांवें इ. स. २०१४ पर्यंत अंबरनाथ-बदलापुराप्रमाणेंच ठाणें जिल्ह्यांत होतीं. मूल शाळेंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, या विचारांतून तेथें अंगणवाडी उभी राहिली. विलायती सामानाची किंमत खेड्यास परवडणारी नव्हती. त्याच्या जागीं शंख-शिंपले, बिया, पानें, खडे आले. तत्त्व रोमचें, साधन डहाणूच्या रानांतलें. ऋण उघड मान्य करूनहि वस्तु आपली करतां येते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

शिलालेख टिकतो, धूळ टिकत नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या बाजूस दप्तरें मिळवितांना केवळ सनदा व पोथ्या पाहूं नयेत. अडगळींतील लांकडी पाटी, मोडी कित्ते, उजळणीचीं पानें, तसेंच बालवाडींत हातानें केलेलीं साधनें व शिक्षिकांच्या नोंदवह्याहि घ्याव्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणींतून वाढलेल्या उल्हासनगरांत अरबी वळणाच्या सिंधी लिपीचे कित्ते मिळाल्यास तेहि वगळूं नयेत. प्रत्येक वस्तूवर गांव, घर व अंदाजी साल यांचें टिपण अवश्य असावें. असा संग्रह झाला, तरच पुढील अभ्यासकास या वादाचा निकाल अभिमानावर न सोडतां पुराव्यावर करतां येईल.