राखीव जागा आणि माझ्या आज्याचा अर्ज



गेल्या खेपेला आमच्याकडच्या वॉर्डांची सोडत निघाली. काचेच्या बरणीत चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी काढायला शाळेतलं लहानसं पोरगं. त्या पोराच्या हातानं आमचा वॉर्ड अनुसूचित जातीला सुटला. तिसऱ्या दिवशी मी सेकंड शिफ्ट करून मिलच्या गेटबाहेर आलो तर दोन माणसं माझी वाट पाहत उभी. मी चिपरवर असतो. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिथं कचाकचा कापला जातो, कानात तोच आवाज घेऊन घरी जायचं. त्यामुळं पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. एक जण म्हणाला, “तू लिहितोस, पोट्टे तुझं ऐकतात. अर्ज, डिपॉझिट, बॅनर सगळं आमच्याकडे लागलं. तू फक्त उभा राय. बाकीचं आमी पाहून घेऊ.”

घरी येऊन आजीला सांगितलं. तिनं मान वर न करता तांदूळ निवडतच म्हटलं, “तुह्या आज्याले बी असेच दोघं आले होते.”

ही गोष्ट मला माहीतच नव्हती. आजा तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी होता. चौथी शिकलेला, पण अक्षर मोत्यासारखं. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चांद्याला आले, तेव्हा आजा गावच्या लोकांबरोबर पायी निघाला आणि दीक्षा घेऊन परत आला. घरातले देव त्यानं त्याच आठवड्यात नदीत सोडले. पुढं १९६२ च्या निवडणुकीच्या तोंडावर एका राखीव जागेसाठी माणूस शोधणं चाललं होतं. शिकलेला पाहिजे, गरीब पाहिजे, आणि बोलावल्यावर येणारा पाहिजे. त्यांनी आज्याला सांगितलं, अर्जावर ‘हिंदू महार’ एवढं लिहून दे, जागा तुझी. आज्यानं कागद हातात घेतला, वाचला, परत दिला. एवढंच. आजी म्हणते, त्या वर्षी घरात खायला नव्हतं.

हा ‘हिंदू महार’ लिहिण्याचा भानगडीचा कागद आला कुठून, याचा मी शोध घेत गेलो. ग्रंथालय रविवारी बंद आणि माझी सुट्टी रविवारीच, त्यामुळं नाईट करून झोप मोडून जावं लागलं. जे सापडलं ते मांडतो. विद्वानांनी चुका काढाव्यात.

सुरुवात १९३२ पासून करावी लागते. ऑगस्टमधल्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना दोन मतं दिली होती. एक आपल्या माणसाला आपणच निवडायचं, दुसरं सगळ्यांबरोबर द्यायचं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा वाढल्या, सगळ्या प्रांतांच्या मिळून १४८ झाल्या. चांदा तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रांताच्या वाट्याला २० आल्या. पण दुसरं मत गेलं. आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची, मग त्या चारांतून एकाला सगळ्या गावानं मिळून निवडायचं. म्हणजे आम्ही ज्याला पहिल्या नंबरवर ठेवू, त्याला गाव चौथ्या नंबरवर टाकू शकत होतं. १९४६ च्या निकालांवरून बाबासाहेबांनी हेच दाखवून दिलं. आमच्या मतांवर पुढं असलेला माणूस शेवटी पडतो आणि ज्याला आम्ही नाकारला तो ‘आमचा प्रतिनिधी’ म्हणून सभागृहात बसतो. राज्यघटना आल्यावर ती चारांची यादीसुद्धा राहिली नाही. जागा राखीव, मत सगळ्यांचं.

पहिल्या निवडणुकांचा प्रकार आजच्या पोरांना ठाऊक नाही. मशीन नव्हतं, शिक्कासुद्धा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं हातातली पत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत सोडायची. काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. तिथं मतदाराच्या हाती दोन पत्रिका. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर धरायची एकच, दुसरी वाया. या वाया जाण्याचंच राजकारण झालं. १९५२ ला मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले. मतं कुजवा असा प्रचार झाला म्हणून बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता दोघंही दाद मागायला गेले.

दोन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. भंडारा म्हणजे आमच्या ब्रह्मपुरीच्या शेजारचा मुलूख. तेव्हा चांदा आणि भंडारा दोन्ही मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. इथंही दोन जागा. सर्वसाधारण जागेवर तेच अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. जुने कार्यकर्ते सांगतात, आपल्या लोकांनी दुसरं मत कुजवावं असा सल्ला काहींनी दिला होता. बाबासाहेब नाही म्हणाले. घटना लिहिणाऱ्यानं मत फेकायला सांगायचं नसतं. निकाल लागला. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून जास्त मतांनी पडले. बोरकर आमच्याच समाजाचे. बोरकरांवर मी शाई वाया घालवणार नाही. राखीव जागेवर दोन दलितांत निकाल कोण लावतो, एवढं या आकड्यातून दिसतं.

मग १९५६. १४ ऑक्टोबरला नागपूर, १६ ला चांदा, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षा घेताना लोकांनी काय सोडलं याचा हिशेब आपण नीट सांगत नाही. देव सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, हे सांगतो. पण राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्कही त्याच दिवशी सुटला, हे कोणी सांगत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं होतं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ सालीच त्यात दुरुस्ती होऊन शीख घेतले गेले. बौद्ध मात्र बाहेर. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर राज्यानं नवबौद्धांना शिक्षण-नोकरीच्या सवलती दिल्या, पण विधानसभेच्या आणि लोकसभेच्या राखीव जागा राज्याच्या हातात नव्हत्या.

आमच्या चिमूरच्या वरच्या अंगाला उमरेड आहे. १९६२ ला उमरेडच्या राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. विरोधकानं तक्रार केली की हे बौद्ध झालेले आहेत. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्टात काय पुरावे आले पाहा. धर्मांतराच्या जाहीर सभेत हे होते का? नागपुरातल्या देवळातली पिंड काढून बुद्धमूर्ती बसवली त्यात यांचा हात होता का? १९६४ ला कोर्टानं निकाल दिला की यांनी उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारला आहे, तेव्हा ही निवड रद्द. गावासाठी अजून महारच, कोर्टासाठी महार नाही. विहिरीवर हटकणारा माणूस धर्माचा दाखला मागत नव्हता.

आजा हे सगळं वाचत असेल का? आजी म्हणते, त्याच्याकडे पेपर येत असे, आठ दिवस शिळा. त्यानं अर्ज परत दिला तो उमरेडच्या निकालाच्या दोन वर्षं आधी. म्हणजे कोर्टाच्या भीतीनं नव्हे.

आमच्या चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्याकडेही या नजरेनं पाहावं. रिपब्लिकन पक्षाचा एवढा मोठा माणूस तीन वेळा राज्यसभेत गेला, १९६९ ते १९७२ तिथं उपसभापती होता. राज्यसभेत आमदार निवडून देतात. बाबासाहेबही मुंबईत पडल्यावर त्याच दारानं गेले. लोकांच्या मतांचं पुढचं दार ज्यांना अडलं, त्यांना हे बाजूचं दार. काही मंडळी याला तडजोड म्हणतात. त्यांनी आधी त्या काळच्या मतपेट्या मोजाव्यात.

दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं मोडले. बौद्धांना अनुसूचित जातीत घ्यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. आज्याचं वय तेव्हा पंचावन्न, आणि त्याला कोणी विचारायला आलं नाही. २००८ च्या फेररचनेत चंद्रपूर शहराची विधानसभेची जागा अनुसूचित जातीला गेली, २००९ ला त्यावर पहिली निवडणूक झाली. दीक्षाभूमीच्या शहरात राखीव जागा यायला त्रेपन्न वर्षं लागली. आणि आली ती १९३२ चीच अट घेऊन, मत सगळ्यांचं.

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. मग नदीपलीकडचा विचार आला आणि पेन अडलं.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. विधानसभेच्या तीन जागा, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, तिन्ही अनुसूचित जमातीला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात शंभरातले अडतीस-एकोणचाळीस आदिवासी. बाकीचे कोण? ओबीसी, इतर, आणि शंभरातले अकरा आम्ही. तिथं आमच्या मामाचं घर आहे. मामा उभा राहू शकत नाही म्हणून कुरकुरतो. पण मत तर देतो! माडियाचा आमदार कोण, हे ठरवण्यात मामाचं मत आहे. भंडाऱ्याला जे सवर्ण मतदार होते, त्या जागेवर गडचिरोलीत आम्ही बसलो आहोत. हे मी मामाला बोललो तर तो दोन दिवस बोलला नाही.

त्यात अहेरीची गंमत वेगळी. इंग्रजांनी १९३६ ला अहेरी जमीनदारी आणि धानोरा, मुरूमगाव, पोटेगाव अशा जमीनदाऱ्या ‘अंशतः वगळलेल्या’ ठरवल्या. तिथं साधा कायदा आपोआप लागायचा नाही, गव्हर्नरची मर्जी. पुढं जमीनदाऱ्या संपल्या. आत्राम घराणं संपलं नाही. राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ ला खासदार झाले. २०२४ ला अहेरीत धर्मरावबाबा आत्राम, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतण्या अम्ब्रीशराव, तिघं तीन बाजूंनी एकमेकांसमोर उभे. धर्मरावबाबा जिंकले. जागा आदिवासींना राखीव, वादच नाही, आत्राम गोंडच आहेत. पण सायकलवर मोहाची फुलं नेणारा गोंड आणि वाड्यातला गोंड यांना कायद्याच्या कागदावर एकच शब्द आहे.

आणि दोन मतांची हौस फिटलेली गावंही आमच्याच जिल्ह्यात आहेत. जिवती तालुक्यातली तेलंगणाच्या सीमेवरची चौदा गावं. मराठवाड्यातून पोट भरायला आलेले आमचे लोक आणि बंजारा तिथं बरेच. महाराष्ट्राचं मतदार कार्ड, तेलंगणाचंही. दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच. वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांचे उमेदवार तिथं हात जोडून गेले. मतं दोन, पण कित्येकांच्या नावावर जमिनीचा पट्टा एकही नाही.

दोघं माणसं पुन्हा आली. यावेळी घरी. आजीनं चहा केला, पितळी कपात, पाहुण्यांचा. मी विचारलं, निवडून आलो तर वॉर्डाच्या नालीचा ठराव कोण लिहिणार? ते हसले. “लिहिलेला येईन ना जी, तुम्ही सही करा.” गेटवर मी ‘तू’ होतो. चहावर ‘जी’ झालो.

मी म्हणालो, अर्ज मी भरीन, डिपॉझिट वस्ती गोळा करीन, ठराव मीच लिहीन. ते ‘बघतो’ म्हणाले आणि कप अर्धवट ठेवून उठले. नंतर त्यांनी दुसऱ्या गल्लीतला पोरगा पाहिला. चांगला पोरगा आहे, माझ्याच शिफ्टला असतो. त्यालाही हे अंक वाचायला देणार आहे.

वस्तीत आतापर्यंत जमले ते एका स्टीलच्या डब्यात आहेत. डबा आजीच्या उशाशी.