छाया झाली वाटाडी

तान्ह्या मुलाच्या आंतड्याचा एक भाग कधीं कधीं पुढील भागांत दुर्बिणीच्या नळीप्रमाणें शिरतो. मार्ग बंद होतो. मूल थांबून थांबून कळवळतें, हिरवें ओकतें, शौचावाटे रक्तमिश्रित आंव पडते. रक्तपुरवठा तुटला कीं आंतडें कुजूं लागतें.

कोपनहेगनचे डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांनीं १८७६ सालीं गुदद्वारानें पाणी चढवून, त्याच्या दाबानें तें मागें सारण्याचा उपचार पुढें मांडला. पण आंत काय घडतें हें दिसत नसे. १८९५ सालीं राँटजेन यांस क्ष-किरण गवसले. त्यांत हाडें दिसत, आंतडें नव्हे. म्हणून किरण अडविणाऱ्या बेरियमच्या क्षाराची योजना झाली. १९२७ च्या सुमारास डॉक्टरांनीं बेरियम चढवीत, पडद्यावर पाहात, शिरलेलें आंतडें मागें सारलें. रोग दाखविणारी छायाच उपचाराची वाटाडी झाली! आज हेंच कार्य क्ष-किरणांखालीं हवेनें, किंवा ध्वनिलहरींच्या चित्रावर पाहून मिठाच्या पाण्यानें साधतें.

मात्र आंतड्यास छिद्र पडलें असल्यास हा उपाय घातक. तेथें शस्त्रक्रियाच हवी. म्हणून बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्रीसारख्या गांवीं अशी कळ दिसतांच घुटी उगाळीत बसूं नये; मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.