मज्जातंतूंचे पोषक प्रथिन आणि रोगप्रतिकारक पेशी

कुष्ठरोगाचे जंतू औषधांनी नष्ट झाले, तरी बधिर झालेल्या हातापायांची संवेदना पुष्कळदा परत येत नाही. या बधिरतेचा शोध घेणाऱ्या मुंबई व लंडन येथील डॉक्टरांनी १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण नोंदवले. डॉ. प्रवीण आनंद, डॉ. सुनील पंड्या आणि डॉ. भीम सिंघल यांचा त्यात सहभाग होता. रोगाने बाधित झालेल्या भागात ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, म्हणजेच एनजीएफ, या प्रथिनाचे प्रमाण घटलेले आढळले.

वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची वाढ व संवेदनक्षमता या प्रथिनावर अवलंबून असते. त्वचेतील पेशी ते तयार करतात. त्याच्या शोधाबद्दल रिटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन केवळ मज्जासंस्थेचे, असा समज बराच काळ होता. मात्र १९७७ साली लेव्ही-मोंताल्चिनी व लुइजी अलोए यांनी ते नवजात उंदरांना टोचले असता ऊतकांतील मास्ट पेशींची संख्या वाढली. हिस्टामिन साठवणाऱ्या आणि अ‍ॅलर्जीत पुढाकार घेणाऱ्या या रोगप्रतिकारक पेशी होत. त्या स्वतःही एनजीएफ तयार करतात, हे पुढे दिसून आले. जुन्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या ‘बी’ पेशींना तगून राहण्यासाठी हेच प्रथिन लागते, असे १९९६ मध्ये निदर्शनास आले. दाह झालेल्या जागी एनजीएफ वाढते आणि वेदना तीव्र होते. कुष्ठरोगातील बधिर त्वचेत नेमके उलट घडते.

मग हे प्रथिन बाहेरून का देऊ नये? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे नाही. मधुमेहातील मज्जाविकारावर ते टोचून पाहिले गेले. मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. उलट, एनजीएफ रोखून सांधेदुखी शमवणाऱ्या टॅनेझुमॅब या औषधाने काही रुग्णांचे सांधे वेगाने झिजले व २०२१ मध्ये ते प्रयत्न थांबले. डोळ्याच्या बुबुळावरील बधिरतेच्या विकारासाठी एनजीएफच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

भारतात २०२३ मध्ये कुष्ठरोगाचे एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. जंतूंसाठी बहुविध औषधोपचार दिला जातो. मज्जातंतूंना सूज आल्यास प्रेडनिसोलोन देतात. ते जंतूंवर नव्हे, तर रोगप्रतिकारक पेशींवर काम करते.