सीपीसीबी म्हणजे काय? हवा, तक्रार आणि जुना मोबाइल: नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला रोज रात्री कचरा जाळायचे. आईला दम्याचा त्रास, त्यामुळे खिडक्या लावून बसायचो. मोबाइलवर हवा बघितली तर एका ॲपवर 'समाधानकारक', दुसऱ्यावर 'अनहेल्दी'! मग तक्रार तरी कुणाकडे करायची? तेव्हा शोधलेली उत्तरं इथे देतोय.

१) सीपीसीबी नेमकं काय करतं?
सीपीसीबी म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ. जल कायद्यानुसार 1974 साली स्थापन झालं, मुख्यालय दिल्लीत. देशभरासाठी मानकं ठरवणं, हवा-पाण्यावर लक्ष ठेवणं आणि राज्य मंडळांना मार्गदर्शन करणं ही त्याची मुख्य कामं. कारखान्याला संमतीपत्र मात्र सहसा राज्याचं मंडळ देतं. आपल्याकडे ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

२) दोन ॲपवर दोन आकडे का?
बऱ्याच ॲपमध्ये अमेरिकन मोजपट्टी असते. सीपीसीबीचं 'समीर' ॲप भारतीय मोजपट्टी वापरतं. पीएम 2.5 चं प्रमाण घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम असेल, तर त्याचा भारतीय निर्देशांक 100 येतो, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकन मोजपट्टीवर तीच हवा 150 च्या पुढे जाते. म्हणून तुलना करताना एकच ॲप धरा.

३) धूर समोर दिसतोय, आकडा का हलत नाही?
कारण पीएम 2.5 साठी 24 तासांची सरासरी धरतात. शिवाय मोजणी केंद्र तुमच्यापासून लांब असू शकतं. त्यामुळे घरात दम्याचा पेशंट असेल तर आकड्याच्या भरवशावर राहू नका. धूर दिसला की खिडकी लावा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध हाताशी ठेवा.

४) तक्रार कुठे करायची?
'समीर'वर फोटोसह तक्रार नोंदवता येते. पण कचरा जाळणं हा आधी महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा विषय आहे, आणि कारखान्याचा धूर किंवा सांडपाणी राज्य मंडळाचा. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर वाजत असेल तर पोलिसांना 112 वर कळवा. गाडीची पीयूसी परिवहन विभागाने मान्यता दिलेल्या केंद्रावर मिळते, सीपीसीबीकडे नाही.

५) तक्रारीत काय लिहायचं?
माझी पहिली तक्रार होती, 'खूप धूर आहे.' जागा नाही, वेळ नाही. अर्थात काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा फोटो, तारीख, वेळ, जवळची खूण आणि लोकेशन दिलं. तीन दिवसांनी पालिकेचा माणूस येऊन गेला. जाळणं पूर्ण थांबलं नाही, पण रोजचं बंद झालं. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, पाठपुराव्याला तोच लागतो.

६) जुना मोबाइल सीपीसीबी घेतं का?
नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक आणि रिसायकलर यांना सीपीसीबीच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तुम्ही फोन कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. त्याआधी बॅकअप घ्या, सिम काढा, सगळ्या खात्यांतून लॉगआउट करा आणि फॅक्टरी रीसेट मारा.

थोडक्यात, आकडा बघायला 'समीर' आहेच. पण काम होण्यासाठी तक्रार योग्य दारात आणि पुराव्यासकट गेली पाहिजे. तुमच्या गल्लीतही कुणी रोज कचरा जाळत असेल, तर आज रात्री फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा.